राग सिरपवर काढा, संत्र्यावर नको

भाऊ, पुण्याच्या एका क्राफ्ट ब्रुअरीच्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणाऱ्यांच्या, फळं घातलेल्या मोसमी बिअरबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: फळ घातलं की बिअर संपली आणि सरबत सुरू झालं. खरी बिअर म्हणजे बार्ली, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी, जर्मनांनी त्याचा कायदाच केलाय. नागपूरच्या उन्हाळ्यात थंडगार लागरशिवाय (बारमध्ये मिळते ती नेहमीची हलक्या चवीची बिअर) काही चालत नाही. संत्र्याची बिअर म्हणजे पुण्याच्या लोकांनी आपल्या नावावर केलेला धंदा. आणि हे सगळं ‘पोरीबाळींसाठी’ आहे.

आधी कायद्याचं बघू, कारण तो दाखला मला नेहमी दिला जातो. 1516 साली दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ड्यूकनी इंगोलश्टाटमध्ये तो फतवा काढला. त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय हे खरं. पण त्याच फतव्याचा मोठा भाग बिअर कितीला विकायची यावर आहे, आणि गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) पाववाल्यांसाठी राखून ठेवायचे हा त्यामागचा एक हेतू मानला जातो. सगळ्या जर्मनीला तो लागू झाला 1906 मध्ये. आता तुम्हीच लिहिलंय की त्या ब्रुअरीची व्हीट, म्हणजे गव्हाची, बिअर ‘त्यातल्या त्यात खरी’ आहे. 1516 च्या फतव्यात गहू बसतच नाही, भाऊ. आणि त्या बिअरमध्ये तुम्हाला आवडलेला केळ्याचा वास येतो तो यीस्टमुळे. टाकीत केळं कोणी टाकलेलं नाही, आंबवताना यीस्टच तो वास तयार करतं. म्हणजे फळाच्या वासाशी तुमचं वैर नाही.

आपण बारमध्ये वर्षानुवर्षं ज्या लागर पितो त्यातल्या बहुतेकांत तांदूळ किंवा मका असतो. तिथे कोणाला शुद्धता आठवत नाही.

आता मुख्य मुद्दा, सरबताचा. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. आंब्याचा गर टाकीत घातला आणि तो माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) साखरेबरोबर नीट आंबला, तर गोडवा फारसा उरत नाही. उरतो वास, थोडा आंबटपणा, कधी तुरटपणा. ब्रुसेल्सच्या आसपास लॅम्बिक (हवेतल्या यीस्टवर आपोआप आंबलेली) बिअर लाकडी पिंपात आंबट चेरींवर कित्येक महिने ठेवतात. तिला क्रीक म्हणतात, आणि जुन्या पद्धतीची क्रीक इतकी कोरडी आणि आंबट असते की पहिल्या घोटाला जबडा आखडतो. तिला सरबत कोण म्हणेल? मग तुम्ही प्यालात त्या कॅनमध्ये गोडवा आला कुठून? आंबवणं संपल्यावर वरून ओतलेल्या सिरपमधून, किंवा यीस्टला न पचणाऱ्या लॅक्टोजमधून, म्हणजे दुधातल्या साखरेतून. तुमची तक्रार खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलाय. स्ट्रॉबेरीच्या कॅनबद्दल तर मी तुमच्या बाजूने आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यातली, बिअरमध्ये तिचा वास आणि रंग फार लवकर उतरतो. ती बिअर जूनमध्ये विकायची म्हणजे एसेन्स आलाच. तो कॅन औषधाच्या बाटलीसारखा लागला, आणि हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं.

संत्र्यावर मात्र मी सविस्तर बोलणार, कारण हे फळ आपल्या दारचं आहे. आपल्या घराघरात आजी सांगते, रस काढला की लगेच पी, नाहीतर कडू होतो. ते शंभर टक्के खरं आहे. संत्र्याच्या पापुद्र्यात आणि बियांत एक घटक असतो. तो मुळात कडू नसतो, पण रसात उतरला की तिथल्या आम्लामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. रस तापवला तर हे आणखी लवकर होतं. आपलं संत्रं बियांचं, त्यामुळे रस टिकवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. आता विचार करा, असा रस कोणी उकळत्या कढईत ओतला, किंवा आठवडे टाकीत ठेवला, तर काय होईल? साखर यीस्टने खाल्ली, आम्ल उरलं, वर लिमोनिनचा कडवटपणा. हॉप्सचा कडूपणा स्वच्छ असतो, हा घशात चिकटून राहतो. तुमच्या प्रतिक्रियेत ‘मागून येणारी विचित्र कडू चव’ असं वाक्य आहे, ती बहुधा हीच. म्हणजे तुमची जीभ बरोबर होती.

म्हणूनच जाणकार ब्रुअर रसाच्या नादी फारसा लागत नाही, तो साल धरतो. लहानपणी आपण संत्र्याची साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत पिचकारी मारायचो, आठवतं? संत्र्याचा सगळा वास त्या फवाऱ्यातल्या तेलात आहे. आपल्या संत्र्याची साल सैल, हाताने सहज सुटते. तिचा फक्त वरचा नारिंगी थर किसून घ्यायचा, आतला पांढरा भाग घ्यायचा नाही, आणि उकळी संपताना किंवा नंतर थंड टाकीत घालायचा. तेल जास्त झालं तर फेस टिकत नाही, तेव्हा हात आखडता ठेवावा लागतो. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये (गव्हाच्या फिकट बिअरमध्ये) संत्र्याची वाळवलेली साल आणि धणे हेच काम करतात. ही बिअर जवळजवळ बंद पडली होती, होगार्डन गावात पिएर सेलिसने 1966 मध्ये ती पुन्हा सुरू केली. धणे आणि संत्रं! या जोडीसाठी आपल्याला बेल्जियमकडे बघावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या ग्रुपमध्येही एकमत नाही, तेही सांगतो. धरमपेठेतल्या एका मित्राच्या गच्चीवर आम्ही तेच कॅन उघडले होते. आंब्याच्या बिअरवर दोघे नाराज झाले, कारण वास हापूसचा आणि चव कोरडी. त्यांना मॅंगोला हवा होता. जन्मभर स्ट्राँग पिणाऱ्या एका दादाने कोकम आणि मिठाची आंबट बिअर मात्र परत मागून घेतली. जर्मनीतच, लाइपझिगला, मीठ आणि धणे घातलेली गोझ नावाची बिअर होते, ती त्याच घराण्यातली. जांभळाच्या बिअरवर भांडण झालं. मला तिचा तुरटपणा आवडला, बाकीच्यांना नाही. चालायचंच.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही म्हणता की पंचेचाळीस डिग्रीत लागरच. मला तर उलट वाटतं. मे महिन्यात आपण घरात पन्हं पितो, आंबट-खारट पितो, कारण अंगाला तेच हवं असतं. मग हलकी, चार टक्क्यांच्या आसपासची, आंबट बिअर अंगाला जास्त मानवेल की आठ टक्क्यांची स्ट्राँग लागर? स्ट्राँग पिऊन दुपारी डोकं कसं धरतं हे नागपुरात कोणाला सांगायला नको.

‘पोरीबाळींसाठी’ हे मात्र मला अजिबात पटलं नाही. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात तयार जीभ एका ताईची आहे. लिमोनिनचा कडवटपणा पहिल्या घोटाला तिनेच ओळखला. आणि तिला सगळ्यात जास्त आवडते ती कडक, कडू आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली बिअर.

राहिला नावाचा धंदा. इथे मी तुमच्याबरोबर भांडायला तयार आहे. नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कॅनवर नागपूर छापायचं असेल तर आतलं फळ काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातलं हवं, आणि ते कुठल्या बहाराचं (फुलोऱ्याच्या हंगामाचं) तेही लिहिलेलं हवं. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो आणि थोडा आंबट असतो. मृग बहार हिवाळा सरताना येतो आणि गोड असतो. माझ्या मते बिअरला आंबिया बरा. गोडवा यीस्ट खाणारच आहे, मग आंबटपणा तरी भरपूर हवा, आणि साल ताजी, कळमन्याच्या बाजारात नुकती उतरलेली. ‘मोसमी’ म्हणून जी बिअर बाराही महिने फ्रिजमध्ये दिसते तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

त्या ब्रुअरीला मी हे सगळं कळवलंय: फळ कुठलं, कोणत्या महिन्यातलं, रस की साल, आणि आंबवल्यानंतर वरून साखर घातली का. हे चारही कॅनवर छापा, अशी विनंती केली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर तुम्ही एक करा. तोच संत्र्याचा कॅन पुन्हा घ्या, फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवा, ग्लासात ओता आणि आधी वास घ्या. सालीचा वास आला की संत्र्याच्या चघळायच्या गोळीचा, एवढंच मला लिहून कळवा.