कांद्याच्या पुरचुंडीला रजा लागते

जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये राहणारी मराठी माणसे एकत्र जमली, की तिथले डॉक्टर साध्या आजारात घरगुती उपायांवरच भागवतात, अशी तक्रार निघतेच. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, खोकला झाला तर गरम पाणी प्या, आणि एवढे ऐकायला अपॉइंटमेंट घेऊन जायचे! मग भारतातून येताना बॅगेत अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या किती पट्ट्या आणल्या, याचा हिशेब सुरू होतो. मला ही तक्रार पटत नाही, आणि "बघा, शेवटी तेही आपल्या हळदीकडेच वळले" हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अभिमानही पटत नाही. घरगुती उपाय वाटतो तितका स्वस्त नसतो, हे दोन्हीकडे विसरले जाते.

जर्मनीत माझ्या मुलाचा कान ठणकत होता, तेव्हा बालरोगतज्ज्ञ बाईंनी कान नीट तपासला, वेदना कमी करायला आयबुप्रोफेनचे सिरप दिले आणि कांदा बांधायला सांगितला. कांदा बारीक चिरून सुती रुमालात बांधायचा, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर झाकण उपडे घालून त्यावर ती पुरचुंडी कोमट करायची, आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची, मग मुलाच्या कानावर ठेवून वरून लोकरीची टोपी चढवायची. याने संसर्ग बरा होतो असा भक्कम पुरावा नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ऊब मिळते आणि मूल जरा शांत पडून राहते, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितले तर ती म्हणाली, "अगं, कांदा सांगायला डॉक्टर कशाला? मी नसतं का सांगितलं?" सांगितले असते, यात शंकाच नाही. पण दोन दिवसांत दुखणे उतरले नाही, कानातून पू आला किंवा कानामागे सूज दिसली तर लगेच परत या, ही पुढची वाक्ये तिच्याकडून आली नसती. ब्रिटनमध्ये जीपींना, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना, असे बजावून सांगण्याचे रीतसर शिक्षण मिळते. त्याला ते 'सेफ्टी नेटिंग' म्हणतात. तापातही तेच. आपण कपाळावर घड्या ठेवतो, जर्मन लोक पिंडऱ्यांना ओली फडकी गुंडाळतात, पण हातपाय गार असतील तर गुंडाळायची नाहीत, ही अट त्याबरोबरच सांगितली जाते. (आपल्या घड्यांसाठीचे कोलन वॉटर मुळात जर्मनीतल्याच कोलोन शहरातले, तिथे फरीना घराण्याचा सुगंधी पाण्याचा व्यवसाय १७०९ पासून चालत आला आहे. माझ्या जर्मन शेजारणीच्या लेखी मात्र ते आजीच्या पर्समधले अत्तर.)

उपाय डॉक्टरांनीच सांगितला की तो त्यांच्यापासून लपवावाही लागत नाही. आपल्याकडे काढा घेतल्याचे डॉक्टरांना सांगायची चोरी, कारण ते रागावतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. त्या वादात कोण बरोबर, हे ठरायचे ते ठरो; पण रुग्णाने काय घेतले हे डॉक्टरांना आधी कळायला तर हवे.

आता रजेबद्दल, कारण घरगुती उपायाबरोबर विश्रांतीही लागते. जर्मनीत कर्मचारी आजारी पडला, तर सहा आठवड्यांपर्यंतचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा, असा कायदा आहे. मूल आजारी असेल, तर सरकारी आरोग्य विम्यातल्या पालकांना त्यासाठी वेगळी रजा मिळते. ब्रिटनमध्ये आजारपणाचे पहिले सात दिवस मालकाला डॉक्टरांची चिठ्ठीही द्यावी लागत नाही. जर्मनीतला डॉक्टर "चहा प्या आणि झोपून राहा" म्हणू शकतो, कारण समोरच्या माणसाला झोपून राहणे परवडते. शिवाय तिथे विम्याचे कार्ड दाखवले की काम होत असल्याने, "पैसे घेतले आणि नुसता चहा सांगितला" असे कुणाला वाटत नाही.

आपल्या नाक्यावरच्या दवाखान्यात मात्र रोजंदारीवरचा माणूस शे-दोनशे रुपये मोजून "डॉक्टर, सुई द्या, उद्या कामावर जायचंय" म्हणतो. त्याला ओव्याचा शेक आणि तीन दिवस विश्रांती सांगणारा डॉक्टर पुढच्या वेळी त्याला दिसणार नाही. तो पलीकडच्या दवाखान्यात जाईल. बऱ्याच अँटिबायोटिकची विक्री केमिस्टने चिठ्ठी पाहून वहीत नोंदवावी, असा 'अनुसूची एच-१'चा नियम २०१४ पासून लागू आहे. नियम चांगलाच आहे, पण बुडणाऱ्या रोजाचे काय करायचे, हे त्यात कुठे लिहिलेले नाही.

आणि हे फक्त सरकारचे काम आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना ताप असला, तर आपण त्यांना आल्याचा चहा करून देतो, वर एक गोळी देतो आणि "आज फक्त भांडी घासून जा" असे म्हणून स्वतःला भले समजतो. त्यांचा खाडा न कापता त्यांना तीन दिवस घरी राहू देणारी किती घरे आपल्या सोसायटीत आहेत?