मावशीचा अंगठा

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जोरात जुंपली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार इंजिनिअरिंगच्या मुलांनाही समाजशास्त्र, मानव्यविद्या शिकवायच्या, हे बहुतेकांना पटत नाही. ‘तेवढ्यात पोरं पायथनसारखी प्रोग्रामिंगची भाषा शिकतील,’ असं एकानं लिहिलं. कॉलेजात असताना मीही हेच म्हणालो असतो. नेदरलँड्समध्ये नऊ वर्षं प्रोग्रामिंग केल्यावर आता म्हणवत नाही.

इथे पाळणाघराच्या खर्चाला सरकारी भत्ता मिळतो. लबाडी हुडकायला कर खात्यानं एक संगणकीय प्रणाली बसवली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिच्यात जोखमीचा एक निकष होता. संशय आला की भत्ता बंद, आणि कागदपत्रांतल्या किरकोळ चुकीसाठीसुद्धा सगळी रक्कम परत मागायची. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये यापायी अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. मुलीसाठी हाच भत्ता मीही घेत होतो, भारतीय पासपोर्टवर. ती बातमी वाचताना पोटात गोळा आला होता. कारण ती प्रणाली बिघडली नव्हती, सांगितलं तेच करत होती.

गावी गेलो की मावशीबरोबर रेशन दुकानात जातो. उभा जन्म खुरपण्यात आणि भांडी घासण्यात गेला, अंगठ्यावर रेषा उरल्यात कुठे? दुकानदार तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसतो, केसांवरून फिरवायला लावतो, मग दुसरा हात. तरी यंत्र घेत नाही. ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा पुण्यात. ‘उद्या या, मावशी.’ उद्या म्हणजे तिचा एक रोज बुडाला.

कष्टकऱ्यांचे अंगठे झिजतात, मोबाइल घरात एकाकडेच असतो, हे कळायला मोठं संशोधन लागत नाही. यंत्र ठरवण्याआधी त्या रांगेत जाऊन बसावं लागतं, आणि बसून काय बघायचं ते शिकावं लागतं. समाजशास्त्र शिकवतं ते हेच. आयआयटी मुंबईतलं ‘सितारा’ केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतंय, तिथले एम.टेक.चे विद्यार्थी गावात जाऊन राहतात. म्हणजे आपल्याकडे हे होतं, पण मूठभरांसाठी.

मात्र आदल्या रात्री गाइड पाठ करून सुटणारा दोन क्रेडिटचा पेपर असेल, तर माझाही विरोध आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्येच हे घाला. आमच्या कॉलेजपासून रेशन दुकान चालत दहा मिनिटांवर आहे. मुलांना महिनाभर तिथे बसू द्या, आणि मगच प्रोजेक्टचा विषय ठरवू द्या.