रुपये सोळाशे बेचाळीस फक्त

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या वहीत माझ्या नावापुढे १६४२ रुपये लिहिलेले आहेत. त्यातला एक रुपयाही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

काम चिमूटभर होतं. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये राउंड-ऑफ चुकत होता. अख्खा इन्स्टॉलर ३८० एमबीचा आणि बदल एका डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच फायलीत, म्हणून म्हटलं पॅच करू, बदललेला भाग तेवढाच बसवू. जुनं आणि नवं एमएसआय पॅकेज, म्हणजे विंडोजची इन्स्टॉलर फाईल, ‘स्लॅश ए’ अशी आज्ञा देऊन उलगडायचं आणि दोघांतला फरक तेवढा एमएसपी, म्हणजे पॅचच्या फायलीत बांधायचा. बोलायला सोपं. पण दोन्ही पॅकेजांच्या आतल्या टेबलांत फायलींच्या ‘की’, म्हणजे ओळखीची नावं, आणि कंपोनंटचे, म्हणजे सुट्या भागांचे, जीयूआयडी हे लांबलचक ओळख-क्रमांक हुबेहूब तेच लागतात. ‘की’ बदलली की आपलीच जुनी फाईल विंडोजला नवी वाटते, लग्नानंतर आडनाव बदललेली मुलगी बँकेला वाटते तशी. त्यात मी व्हर्जनचा चौथा आकडा वाढवून बसलेलो. विंडोज इन्स्टॉलर पहिले तीनच बघतो, हे रात्री दोनला कळलं. दोन रात्री घालवून ६ एमबीचा पॅच झाला. बायकोला उठवून दाखवला. ती ‘बरं’ म्हणाली.

कारखान्यात पोचलो तेव्हा भर दुपार, मे महिना. कूलर कोरडा, कारण पाणी उद्या येणार होतं. सोलापुरात ते उद्याच येतं. पॅच चालवला, नकार आला. लॉग उघडला, शेवटी आकडा : १६४२. शेजारी दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

“किती म्हणतंय?”

“सोळाशे बेचाळीस,” मी तंद्रीत.

“कशाचे ओ?”

“काका, एरर आहे तो.”

“एरर तुमचा न्हवं? मग पैसं आमी का द्यायचं?”

“पैसे नाहीत हो, नंबर आहे.”

“बरं, वरचे बेचाळीस सोडा.”

मी हसलो, तिथेच चुकलं. त्यांना वाटलं सौदा जमतोय. त्यांनी मागावरच्या एका पोराला साक्षीला बोलावलं. “ह्ये बघ बे, एररचं पैसं लावायलेत! आपलं सूत तुटलं तर आपण गिऱ्हाइकाला लावतो का?” पोरगा खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत म्हणाला, “न्हाई.” खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मग मी पॅच म्हणजे काय ते समजावायला गेलो आणि तोंडून ‘ठिगळ’ निघून गेलं.

“ठिगळ?” दिवाणजी उठून उभे राहिले. “सोलापुरात येऊन ठिगळ लावताय? हितं चादरीला काय कमी हाय व्हय? अख्खं नवं घाला की!”

चूक कुणाची होती? दिवाळीत आमच्या साहेबांनी या गिऱ्हाइकाला खूश करायला, बिलावर त्यांचा लोगो येईल असा खास इन्स्टॉलर दिला होता, नव्या प्रॉडक्ट कोडसकट, म्हणजे विंडोजच्या लेखी ते वेगळंच सॉफ्टवेअर. माझा पॅच जुना कोड शोधत होता आणि त्या मशीनवर तो नव्हताच. फोन केला तर साहेब म्हणतात, “तू आधी विचारायला नको?” काय विचारू? ‘साहेब, तुम्ही कुणाकुणाला गुपचूप काय दिलंय’? पगारवाढीच्या वेळी मात्र यांना सगळं आठवतं, मी कधी अर्धा दिवस घेतला होता तेसुद्धा.

शेवटी साहेबांकडून तोच खास इन्स्टॉलर नव्या डीएलएलसह बनवून घेतला आणि स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर ३८० एमबी उतरवले. तेवढ्या वेळात दिवाणजींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली. माणूस वाईट नाही. जुनं काढून नवं बसवल्यावर म्हणाले, “बगा, म्या काय म्हनत होतो?” माझ्या दोन रात्री पेन ड्राइव्हमध्ये तशाच पडून राहिल्या.

काल मेन्टेनन्सचा चेक आला, रक्कम कमी. सोबतच्या कागदावर, आमच्याच सॉफ्टवेअरमधून छापलेल्या, ‘वजा : एरर’. साहेबांनी खुलासा मागितलाय.

राउंड-ऑफ मात्र चोख आहे. १६४२.००.