सांगलीची टक्केवारी आणि लेस्टरचे पत्र

सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहूनही टिकून आहे आणि गेला महिनाभर तिथे चाललेला वाद निमूटपणे वाचतो आहे. येत्या नेत्रशिबिरात मोतीबिंदूच्या तपासणीबरोबर मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचे (रेटिनाचे) छायाचित्रही काढावे, असा प्रस्ताव होता. त्याला विरोध करणाऱ्यांत माझे मामा पुढे आहेत. त्यांचे म्हणणे असे, की जगात एक तृतीयांश मधुमेहींचा पडदा बिघडतो, भारतात मात्र जेमतेम साडेबारा टक्क्यांचा. म्हणजे भाकरी-आमटीवर वाढलेल्या माणसाला मुळातच संरक्षण आहे आणि तपासणी हा धंदा आहे. शेवटी त्यांनी मला उद्देशून लिहिले, की तिकडचे रोग इकडे आणू नकोस.

मामांचे आकडे खोटे नाहीत, आणि नेमका त्याचाच मला त्रास होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींत हे प्रमाण १२.५ टक्के निघाले, हे खरे. पण त्याच पाहणीत चार टक्क्यांच्या दृष्टीलाच धोका होता, हे मामा लिहीत नाहीत. एक तृतीयांशाचा आकडा जगभरच्या अभ्यासांच्या २०१२ च्या संकलनातला असून तो त्याही आधीच्या अभ्यासांवर उभा आहे. २०२१ च्या जागतिक संकलनात तो सुमारे बावीस टक्क्यांवर आला. शिवाय देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असताना चार टक्के म्हणजे किती माणसे, हा हिशेब साखर कारखान्यात आयुष्यभर उताऱ्याचे दशांश जपलेल्या माणसाला मी शिकवायला हवा का?

टक्केवारी कमी दिसण्याने माणूस सुरक्षित होत नाही, कारण या आजारात सर्वांत मोठा धोका काळाचा असतो. मधुमेह जितका जुना, तितका पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांवरचा मारा अधिक. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात वीस वर्षांनंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत काही ना काही बदल दिसतात. त्यात वाढलेली साखर, रक्तदाब, चरबी, मूत्रपिंडाचा आजार आणि गरोदरपण यांची भर पडते. आमच्याकडे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड सोडून उपाशीपोटीची शुगर साजरी करून घेण्याची पद्धत आहे, पण साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्तचाचणी त्याला फसत नाही. रक्तदाबाकडे तर कुणाचे लक्षच नसते. ब्रिटनमधल्या १९९८ च्या मोठ्या अभ्यासात रक्तदाब काटेकोर आवरल्यावर पडद्याचा आजार वाढण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले होते, आणि तो आवरायला लागणारी गोळी सांगलीच्या कोणत्याही औषध दुकानात मिळते.

राहिला मातीचा मुद्दा. बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीतल्या मधुमेहींचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडद्याचा आजार गोऱ्यांत ३७ टक्के आणि दक्षिण आशियाई लोकांत ४५ टक्के आढळला. आपल्या रक्तातच संरक्षण असते, तर ते विमानतळावर काढून ठेवावे लागत नसते. (यावर मामा म्हणतील, की तिकडची हवाच वाईट. म्हणोत.)

इंग्लंडमध्ये २००३ पासून सरकारी तपासणी योजना सुरू झाली. बारा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक मधुमेहीला पत्र येते. सलग दोनदा पडदा स्वच्छ निघाला, तर आता दोन वर्षांनी बोलावतात. मलाही येते. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर गाडी चालवायची नाही, म्हणून मी बसने जातो आणि अंधुक डोळ्यांनी टेस्को नावाच्या दुकानातून दूध घेऊन परततो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातल्या अंधत्वाचे पहिले कारण म्हणून हा आजार पाच दशकांत प्रथमच मागे पडला होता. पुढे रुग्णालयात पाठवले, की तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, हे मी गटात लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही.

मिरजेत एवढी रुग्णालये आहेत, की परजिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही माणसे तिथे येतात. डॉक्टर कमी नाहीत, लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत. पण मिरजेला माणूस जातो तो दिसेनासे झाल्यावर, आणि हा आजार सुरुवातीला नजरेला हातही लावत नाही. मामा चष्म्याशिवाय गाडीची पाटी वाचतात, हाच त्यांचा पुरावा आहे आणि त्याला काही अर्थ नाही. त्यांचा मधुमेह अठरा वर्षांचा आहे.

तरीही एक गोष्ट मला मान्य करावी लागते. मी इतका चिडतो, तो केवळ मामांच्या डोळ्यांसाठी नाही. लेस्टरच्या यादीत माझे नाव बिनचूक आहे; फॉर्मवर आशियाई-भारतीय या चौकटीत खूण केली, की त्या व्यवस्थेला मी पुरेसा ठाऊक होतो. सांगलीत माझी कसलीच नोंद नाही, पण ‘आपल्याकडे’ असे मी अजूनही सांगलीलाच म्हणतो, आणि मामांच्या ‘आपल्याकडे’मध्ये मी उरलेलो नाही, हे त्या एका ओळीने मला उघडपणे कळवले. तिकडचे रोग मी आणतो आहे, असे म्हणणाऱ्या माणसाशी टक्केवारीवर वाद घालून काय साधणार, हे मला कळते. तरी काल रात्री मी गटात एवढेच विचारले, की पडद्याच्या कॅमेऱ्याचे त्या दिवसाचे भाडे किती होईल, म्हणजे ते मी पाठवतो. मामांचे उत्तर आले, की पैशांचा प्रश्नच नाही.