खट्

त्या रविवारी आमच्या गाडीने एकच अक्षर उच्चारलं. खट्. किल्ली पुन्हा फिरवली, पुन्हा खट्. दोनच दिवसांपूर्वी क्लच प्लेट बदलून ती गॅरेजातून आली होती. गिअरबॉक्स उतरवून, आतलं सगळं पाहून, पुसूनपासून. तेव्हा मिस्त्रीने किल्लीबरोबर माझ्या हातावर एक बोल्ट ठेवला होता. "ये एक्स्ट्रा निकला मॅडम, संभाल के रखना." मला वाटलं, केवढा प्रामाणिक माणूस! मी तो बोल्ट घरी आणून सुई-दोऱ्याच्या डब्यात टाकला.

इंदूरच्या लोकमान्य नगरात रविवारी सकाळी गाडी बंद पडणं हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. हातात पोह्यांची बशी, त्यावर शेव, जीरावण, आणि तोंडात निदान. एकजण म्हणाले, पेट्रोल संपलंय. दुसरे म्हणाले, उंदरांनी वायर कुरतडली. तिसऱ्यांनी बॉनेट उघडलं, आत बघून "हं" म्हणाले आणि जिलबी आणायला गेले.

मी सांगत होते, "अहो, हेडलाइट लख्ख लागतायत. हॉर्न पलीकडच्या गल्लीत ऐकू जातोय. किल्ली फिरवली तरी दिवे जरासुद्धा मंद होत नाहीत. मग बॅटरी कशी गेली असेल?" कीर्तन रंगात आलेलं असताना कुणाचा तरी फोन वाजावा, तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका भियाने तर प्रेमाने विचारलं, "भाभी, चाबी पूरी घुमा रही हो ना?"

आणखी एक गोष्ट मी सांगितली. सात-आठ वेळा किल्ली फिरवल्यावर क्लचच्या पेडलपाशी जळका वास येत होता. नवरा म्हणाला, "तुझी नवीन चप्पल असेल."

शेवटी बॅटरीवाल्याचा पोरगा स्कूटरवर दुसरी बॅटरी घेऊन आला. लाल चिमटा आमच्या बॅटरीला, काळा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला. किल्ली फिरवली आणि गाडी घर्रकन सुरू! टाळ्यासुद्धा वाजल्या. "बॅटरी गई भिया," पोराने निकाल दिला. साडेचार हजारांची नवी बॅटरी बसली, जुनी त्याच्या स्कूटरवर चढली, मी ऐटीत किल्ली फिरवली.

खट्.

पोराला क्षणभरही प्रश्न पडला नाही. "तो फिर सेल्फ गया." बॅटरी बदलली तसं निदानही बदललं, हिशेब चोख.

सोमवारी सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. त्याने तो टेबलावर शिकंज्यात धरला, थेट बॅटरीच्या तारा लावल्या, आणि सेल्फ असा गरगर फिरला की बिचाऱ्याला ग्राहक गेल्याचं दुःख लपवता येईना. "कार्बन बदल दूँ?" त्याने आशेने विचारलं. नको म्हटलं. सेल्फ परत गाडीत, गाडी परत खट्.

आता एव्हाना आमच्याकडे रोज संध्याकाळी चार माणसं गाडी ढकलायला येत होती. ढकलली की चालू व्हायची, हा आणखी एक चमत्कार. त्यांच्या पोह्यांचा खर्च क्लच प्लेटच्या पुढे जाणार असं दिसू लागलं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्यांनी आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही, पण चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. "अगं, ब्लाउज उसवून परत शिवला आणि गळ्याशी घट्ट झाला, तर कापडाला दोष देतेस की शिवणीला? गाडी चांगली चालत होती. मग काय उसवलं होतं ते बघा."

हे ऐकून पलीकडचे काका उठले. काका हुकुमचंद मिलमध्ये वायरमन होते. मिल 1991 साली बंद पडली, काकांचा मीटर अजून चालू आहे. त्यांनी मीटरची एक सळई बॅटरीच्या मायनसला टेकवली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. "मार किल्ली." खट्. "इथे अर्धा व्होल्टसुद्धा यायला नको," काका म्हणाले, "आणि हे बघ, नऊ दाखवतंय. बारातले नऊ व्होल्ट वाटेतच बसलेत."

मग समजावलं. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो, आणि गेलेला करंट परत बॅटरीकडे यायलाही तेवढीच जाड वाट लागते. मायनसच्या दोन तारा असतात. एक बॉडीला जाते. तिच्यावर दिवे, हॉर्न चालतात, म्हणून ते टणटणीत. दुसरी जाडजूड तार गिअरबॉक्सला जाते. ती सुटली की करंट मिळेल त्या वाटेने परततो, उदाहरणार्थ क्लचच्या केबलमधून. "म्हणून वास येत होता सूनबाई. केबल तापत होती." मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा माझ्या चपलेकडे पाहत होता.

आणि ढकलून सुरू व्हायची, कारण ढकलताना सेल्फ लागतच नाही. पोराचा काळा चिमटा इंजिनावर होता, त्याने नकळत तुटलेली वाटच जोडून दिली होती. बॅटरी निर्दोष होती. तिचं आता काय झालं असेल, हा विचार मी करत नाही.

काकांनी टॉर्च मारला. खाली गिअरबॉक्सजवळ जाड काळ्या तारेचं कडं लोंबत होतं. मिस्त्रीने ते बहुधा एका पट्टीखाली नुसतंच खुपसलं होतं आणि दोन दिवसांच्या स्पीडब्रेकरांनी ते बाहेर काढलं. शेजारी बोल्टाचं भोक रिकामं. "बोल्ट रस्त्यात पडला असणार," काका म्हणाले. नवरा म्हणाला, मग संपलंच. 2017 साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर आल्यापासून इंदुरात रस्त्यावर पडलेली वस्तू मिळायची सोय राहिलेली नाही, सकाळच्या कचरागाडीत गेला असेल.

मी काही न बोलता घरात गेले आणि सुई-दोऱ्याचा डबा घेऊन आले.

बोल्ट अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. काकांनी पाना आवळला, कडं आधी पॉलिश पेपरने घासायला विसरले नाहीत. किल्ली फिरवली. अर्ध्या वळणात गाडी सुरू.

संध्याकाळी मी मिस्त्रीला फोन केला, चांगली तयारी करून, हिंदीत दोन कडक वाक्यं जुळवून. सगळं ऐकून घेतल्यावर तो जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "लेकिन मॅडम, बोल्ट तो मैंने आपको पहले ही दे दिया था."