९५० डॉलरपर्यंतची चोरी ‘माफ’? नाही!

‘सॅन फ्रान्सिस्कोत ९५० डॉलरपर्यंतची चोरी कायदेशीर आहे, तिथले सरकारी वकील चेसा बुदिन यांनीच ही सूट दिली,’ असा मेसेज फिरतोय. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

चोरी तिथेही गुन्हाच आहे. दुकानातून ९५० डॉलरपर्यंतचा माल उचलला तर तो सहसा किरकोळ गुन्हा ठरतो, पण त्यालाही ६ महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ही तरतूद आली ती ‘प्रपोझिशन ४७’ या थेट मतदारांपुढे ठेवलेल्या कायद्याच्या प्रस्तावातून, २०१४ साली, कॅलिफोर्नियाभरच्या मतदारांच्या कौलाने. बुदिन पदावर आले जानेवारी २०२०मध्ये. आणि टेक्सास, ज्या राज्याला गुन्हेगारीबाबत कुणी मवाळ म्हणणार नाही, तिथे चोरी गंभीर गुन्हा ठरण्याची मर्यादा २,५०० डॉलर आहे!

बुदिन यांनी केलं ते वेगळं: आरोपींकडून रोख जामीन मागणं बंद केलं. त्यावर टीका जरूर करा. शहराच्या मतदारांनीच जून २०२२मध्ये त्यांना पदावरून हटवलं. पण कायदा त्यांचा नव्हता. शिवाय नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या ‘प्रपोझिशन ३६’नुसार, चोरीसाठी आधी दोनदा दोषी ठरलेल्यावर रक्कम कितीही असली तरी गंभीर गुन्ह्याचा खटला भरता येतो.