ठरलेली ताई कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बालवाडीत प्रत्येक मुलाची एक ठरलेली ताई असावी, या माझ्या म्हणण्यावर आपण लिहिले आहे की एकीच्याच पदराला धरलेले मूल परावलंबी होते, कोकणातली मुले आजी, काकू, शेजारीण अशा दहा हातांत वाढली तरी त्यांचे काही बिघडले नाही, आणि अंगणवाडीत हे परवडणारेही नाही. आपण कळकळीने लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

दहा हातांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ते दहाही हात मुलाच्या जन्मापासून ओळखीचे असत, आणि रात्री पोट दुखू लागले की ते कोणाच्या कुशीत शिरणार, हे घरात सर्वांना ठाऊक असे. बोर्डीला १९४५ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली, तेव्हा निदान अंगण तरी मुलांच्या ओळखीचे होते. आज आपल्याकडे येणारे तीन वर्षांचे मूल हे सगळे मागे ठेवून येते.

हर्णैजवळच्या आमच्या बालवाडीत एक मुलगा होता. आई बंदरावर मासळीच्या लिलावाला जाई, म्हणून आजी त्याला आणून सोडी. पहिले दोन आठवडे तो पाणीच पीत नसे आणि आम्ही त्याला हट्ट समजत होतो. रोज दारात उभी राहून त्याला आत घेणाऱ्या त्याच्या ताईच्या लक्षात आले, की तो पेला ओठांपर्यंत नेतो, मोरीच्या दाराकडे पाहतो आणि पेला तसाच खाली ठेवतो. शू लागली तर कोणाला सांगायचे हे कळत नसल्यामुळे ते लेकरू तहान मारत होते. तिने त्याला मोरी दाखवली, दार उघडे ठेवून ती बाहेर थांबली, आणि त्या दिवशी तो दोन पेले पाणी प्यायला. पंचवीस मुलांकडे सर्वांनीच पाहायचे ठरले, की अशी गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही.

परावलंबनाचे म्हणाल, तर महिन्याभरात हाच मुलगा वाळूत रमू लागला. अधूनमधून मान वळवून ताई आहे ना, एवढे पाहायचा आणि पुन्हा खेळायचा. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेला सुरक्षित आधार तो हाच. इंग्लंडमध्ये २००८ पासून बालसंगोपन केंद्रांतल्या प्रत्येक मुलासाठी अशी व्यक्ती नेमणे नियमानेच बंधनकारक आहे.

१९७५ पासूनच्या अंगणवाडी योजनेत एक सेविका आणि एक मदतनीस असते, हे खरे. तरीही निम्मी मुले एकीची आणि निम्मी दुसरीची, एवढे तर ठरवता येईल. मदतनीस बाईंचा हात खिचडीत गुंतलेला असला, तरी तिच्या वाट्याच्या मुलांना येता-जाता नावाने हाक मारणे तिला जमते.

ताई रजेवर गेली तर काय, हा आपला प्रश्न मात्र मला निरुत्तर करणारा होता. जुलैत ती आजारी पडली, तेव्हा तो मुलगा तीन दिवस पाठीवरचे दप्तर उतरवायला तयार नव्हता. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. त्यानंतर आम्ही प्रत्येक मुलाला जोडीची दुसरी ताई दिली, आणि पहिलीच्या उपस्थितीतच तिची सवय करून देऊ लागलो.